ओढ्यात जमिनीतलं पाणी किती? जुलैपासून शिमग्यापर्यंतच्या मोजणीचा अनुभव

मुरबाड तालुक्यातल्या एका छोट्या ओढ्याचा बेसफ्लो अहवाल एप्रिलमध्ये सादर झाला. पाऊस थांबल्यावरही ओढा वाहतो तो जमिनीत मुरलेलं पाणी हळूहळू पाझरून परत येतं म्हणून. त्या पाण्याला बेसफ्लो म्हणतात. गावाला बंधारा कुठे घालायचा ते ठरवायचं होतं, आणि त्यासाठी दिवाळीनंतर ओढ्यातून जाणाऱ्या पाण्यात जमिनीतला वाटा किती, हा प्रश्न होता. पाणलोट जेमतेम ६ चौरस किलोमीटरचं. अशा कामाच्या पद्धती पुस्तकांत डझनावारी सापडतात, पण कोकणातल्या पावसात आणि दख्खनच्या काळ्या पाषाणात त्यातली कोणती कामाची, हे एका जागी लिहिलेलं सापडत नाही. म्हणून हे जरा तपशिलात लिहितो आहोत. गावाचं नाव दिलेलं नाही आणि उदाहरणांतले आकडे हिशेब कळावा म्हणून सोपे करून घेतले आहेत.

मुंबईत बसून हे काम करणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा मिठी, पोईसर, ओशिवरा याच नद्या येतात. घरापासून जवळ, जायला लोकल. पण पाऊस गेल्यावर या नद्यांत वाहतं ते बहुतेक सांडपाणी, आणि ते मुळात भातसा-वैतरणेहून नळाने शहरात आलेलं पाणी. त्यात फुटक्या जलवाहिन्यांची गळती मिसळते. खालच्या पट्ट्यात भरतीचं खारं पाणी वर चढतं. यातून भूजल वेगळं काढायला कोणतीही पद्धत पुरत नाही. उल्हास नदीची अडचण वेगळी. भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणारं पाणी उल्हासेत येतं, त्यामुळे मे महिन्यातला तिचा प्रवाह वीजनिर्मितीच्या वेळापत्रकाने वरखाली होतो. तो आलेख संगणकात घातला तर झकास बेसफ्लो निघतो, फक्त त्याचा भूजलाशी संबंध नसतो. जागा पक्की करण्यापूर्वी नकाशा घेऊन वरच्या अंगाला धरण, कालवा, वीजकेंद्राचा विसर्ग, सांडपाण्याचा नाला आणि शेतीपंप हे पाच शोधा. यांतलं पहिल्या चारपैकी काहीही असेल तर दुसरा ओढा बघा. पंपांचा हिशेब घालता येतो.

कागदपत्रांना जुलैत सुरुवात केली. छोट्या ओढ्यावर सरकारी मापन केंद्र नसतं, म्हणून तुलनेसाठी शेजारच्या नदीवरच्या केंद्राची दैनिक विसर्गाची आकडेवारी मागावी लागते. अर्ज लेटरहेडवर, केंद्राचं नाव, १ जून ते ३१ मे अशी जलवर्षं, कामाचा हेतू, आणि आकडेवारी तिसऱ्याला देणार नाही असं हमीपत्र. ऑगस्टच्या सुरुवातीला दिलेल्या अर्जाचं उत्तर ऑक्टोबरच्या शेवटी आलं. मधल्या काळात फोन केला की "साहेबांच्या टेबलावर आहे" एवढंच कळे. हा काळ जिवाला घोर लावतो, कारण पावसाळा निघून चाललेला असतो. आकडेवारी येईपर्यंत थांबू नका, शेतातली मोजणी सुरू करा. आणि अर्जातच तीन गोष्टी मागून घ्या: आकडा सकाळी आठच्या एका वाचनाचा आहे की दिवसाची सरासरी, पातळीवरून विसर्ग काढायचं कोष्टक कोणत्या वर्षीचं, आणि केंद्र बारमाही आहे की फक्त पावसाळी. पुष्कळ केंद्रं पावसाळ्यानंतर बंद असतात. नेमके आपल्याला हवे ते महिने त्यात नसतात.

पावसाची मंडळनिहाय दैनिक आकडेवारी महारेनच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. विहिरींची पातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींवर वर्षातून चार वेळा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. ग्रामपंचायतीचा ठराव ऑगस्टमध्येच घेतला. ओढ्याचा वरचा भाग वनखात्याच्या हद्दीत होता. तिथे प्रवाह मोजायचा पत्रा रोवायचा तर वेगळी परवानगी, वेगळी फाईल. म्हणून मापनाची जागा हद्दीच्या खाली, गावठाणाच्या बाजूला घेतली. तात्पुरती, सिमेंटशिवाय. यात दोन महिने तरी वाचले.

आकडेवारी हातात आल्यावर आधी आलेखाच्या पद्धती लावल्या, म्हणजे रोजच्या प्रवाहाच्या आलेखावर खाली बेसफ्लोची रेषा आखायची. अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षणाच्या हायसेप या प्रोग्रॅममध्ये तीन प्रकार आहेत: ठरावीक अंतर, सरकतं अंतर आणि स्थानिक किमान. तिन्ही एका अंदाजावर उभे आहेत. पाऊस थांबल्यावर जमिनीवरचं पाणी किती दिवसांत वाहून जातं, तर पाणलोटाचं क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये घेऊन त्याचा ०.२ घात गुणिले ०.८३. क्षेत्र ६ असेल तर उत्तर येतं साधारण १.२ दिवस. त्याच्या दुपटीला सर्वांत जवळची विषम संख्या घ्यायची, पण ३ पेक्षा कमी नाही आणि ११ पेक्षा जास्त नाही. इथे ३. सूत्राच्या मूळ रूपात क्षेत्र चौरस मैलांत असतं आणि ०.८३ हा गुणक नसतो. दोन्हींची सरमिसळ केलेले अहवाल पाहायला मिळतात, तेवढं तपासून घ्या. ब्रिटनमध्ये १९८० साली आलेली पद्धतही सोपी आहे. पाच-पाच दिवसांचे गट पाडायचे, प्रत्येकातला किमान प्रवाह घ्यायचा, आणि त्याची ०.९ पट शेजारच्या दोन्ही किमानांपेक्षा कमी असेल तर तो बिंदू बेसफ्लोच्या रेषेवर धरायचा. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम.

कोकणात या सगळ्या पद्धती जुलै-ऑगस्टमध्ये अडखळतात. पाऊस रोजच पडतो, दोन पावसांमध्ये प्रवाह खाली यायला उसंतच मिळत नाही. शिवाय भातखाचरं पाणी अडवून धरतात आणि बांधावरून दिवसभर सोडत राहतात. मुरमातून आडवं झिरपणारं पाणीही दोन-तीन दिवस येत राहतं. यातलं काहीच भूजलसाठ्यातून आलेलं नाही, पण ते सावकाश येतं, म्हणून आलेख त्याला बेसफ्लो ठरवतो. वर्षभराचा बेसफ्लो निर्देशांक (एकूण प्रवाहातला बेसफ्लोचा वाटा) कोणी अभिमानाने पुढे केला, तर त्यातले पावसाळ्याचे महिने बाजूला काढून पुन्हा मागा.

डिजिटल फिल्टरमध्ये, म्हणजे रोजच्या प्रवाहातून सूत्राने बेसफ्लो गाळून काढण्यात, हा धोका आणखी वाढतो, कारण उत्तर दशांश चिन्हापुढे चार आकड्यांनी येतं. एकहार्ट यांची २००५ ची पद्धत आज पुष्कळ वापरतात. तिच्यात दोन आकडे लागतात: क्षयांक, म्हणजे कोरड्या दिवसांत आजचा प्रवाह कालच्या किती पट उरतो, आणि कमाल निर्देशांक, म्हणजे बेसफ्लोचा वाटा जास्तीत जास्त किती असू शकतो. आजचा बेसफ्लो काढताना दोन राशींची बेरीज करायची. पहिली: १ वजा कमाल निर्देशांक, गुणिले क्षयांक, गुणिले कालचा बेसफ्लो. दुसरी: १ वजा क्षयांक, गुणिले कमाल निर्देशांक, गुणिले आजचा एकूण प्रवाह. बेरजेला १ वजा (क्षयांक गुणिले कमाल निर्देशांक) याने भागायचं. उत्तर एकूण प्रवाहाहून जास्त आलं तर एकूण प्रवाहच घ्यायचा. कमाल निर्देशांकासाठी तीन किमती सुचवल्या आहेत: सच्छिद्र जलधरावरच्या (पाणी धरणाऱ्या थरावरच्या) बारमाही ओढ्यांना ०.८०, तशाच जलधरावरच्या हंगामी ओढ्यांना ०.५०, आणि कठीण खडकातल्या बारमाही ओढ्यांना ०.२५. आपले ओढे कठीण खडकातले आणि हंगामी. तिन्हींपैकी एकाही खान्यात ते बसत नाहीत!

याने किती फरक पडतो ते बघा. कालचा बेसफ्लो ०.४० घनमीटर प्रति सेकंद, आजचा एकूण प्रवाह ३.०, क्षयांक ०.९५. कमाल निर्देशांक ०.२५ घेतला तर आजचा बेसफ्लो ०.४२ येतो. ०.८० घेतला तर ०.८२. म्हणजे एक खाना बदलला की उत्तर दुप्पट. हे दोन आकडे पहिल्यांदा शेजारी-शेजारी बघताना पोटात गोळा येतो, कारण अहवाल तर एकाच आकड्याचा हवा असतो. आकडेवारी तीच असताना यातला कुठला खरा, हे संगणक सांगू शकत नाही. ते ओढ्यात उतरूनच ठरतं, आणि पाऊस संपल्यावरच ठरतं.

त्यासाठी दसऱ्यानंतर ओढ्यात व्ही-नॉच बसवला, म्हणजे खाचेतून पडणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह मोजायचा पत्रा. ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा, मधोमध ९० अंशांची खाच, धार खालच्या अंगाने उतरती घासलेली. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये साधारण अडीच हजारांत झाला. कागदावर पूर्ण आकाराचा साचा काढून द्या, नाहीतर कोन ८७-८८ अंशांचा होऊन येतो. बसवायला निवडलेली जागा म्हणजे खडकाचा अरुंद गळा, वरच्या बाजूला संथ डोह. पत्र्याच्या दोन्ही कडांना आणि खाली चिकणमाती भरलेल्या गोणपाटाच्या पिशव्या दाबल्या. खालून गळती आहे का, हे बघायला वरच्या डोहात थोडी हळद कालवून सोडली की पिवळी रेघ कुठून निघते ते लगेच दिसतं. पातळीची पट्टी खाचेला लावायची नाही. खाचेवर पाणी वाकून पडतं, तिथे वाचन कमी येतं. सर्वाधिक उंचीच्या चौपट अंतर वर जाऊन ती रोवायची, आणि तिचा शून्य खाचेच्या टोकाशी पाणसळीने जुळवायचा.

विसर्ग घनमीटर प्रति सेकंद काढायला पाण्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचा २.५ घात, गुणिले १.३८. उंची १५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला १२ लिटर. वाचनात ३ मिलिमीटरची चूक झाली की विसर्गात ५ टक्क्यांची होते. आणि सागाचं एक पान खाचेत अडकलं तर त्याहून कितीतरी जास्त! पान काढलं की लगेच वाचायचं नाही, डोहाची पातळी उतरून स्थिर होईपर्यंत थांबायचं. वाचन रोज एकाच वेळी, सकाळी. दुपारी काठची झाडं पाणी ओढतात आणि ओढा थोडा उतरतो, रात्री पुन्हा चढतो. कधी सकाळी, कधी दुपारी वाचलं तर हा चढउतार क्षयांकात शिरतो. रोजच्या वाचनासाठी गावातल्या एका दादांना मानधन ठरवलं. पट्टीचा फोटो व्हॉट्सअॅपवर येत असे, त्यामुळे तारीख-वेळ आपोआप नोंदली जाई.

खाचेतून मावणार नाही एवढा प्रवाह सुरुवातीला असतो. तेव्हा मिठाची पद्धत. अर्धा किलो मीठ ओढ्याच्याच पाण्याच्या बादलीत पूर्ण विरघळवायचं, खडा राहता कामा नये, आणि ओढ्याच्या रुंदीच्या निदान पंचवीस पट अंतर वर जाऊन एकदम ओतायचं. खाली वाहकता मीटर (पाण्यातून वीज किती सहज जाते ते दाखवणारा, क्षार वाढले की वाचन वाढतं) धरून दर ५ सेकंदांनी वाचन, मूळ किमतीवर परत येईपर्यंत. मूळ वाहकतेपेक्षा जेवढी वाढ दिसली तिची बेरीज गुणिले ५. समजा ती १६,५०० आली. आधी मोजून घेतलेल्या द्रावणांवरून कळलं असतं की वाहकतेचं एक एकक म्हणजे लिटरला ०.५ मिलिग्रॅम मीठ. मग १६,५०० गुणिले ०.५ म्हणजे ८,२५० मिलिग्रॅम, म्हणजेच ८.२५ ग्रॅम. ५०० भागिले ८.२५, सेकंदाला साधारण ६० लिटर. काठालगत आणि मध्यावर दोन मीटर धरून दोन्ही उत्तरं जुळली तरच मिश्रण नीट झालं समजा. मधे मोठा डोह असेल तर मीठ त्यात रेंगाळतं आणि शेपूट संपतच नाही. अशी जागा टाळा.

रोजच्या वाचनांतून क्षयांक निघतो, आणि या सगळ्या खटाटोपात आमचा सर्वांत जास्त भरवसा याच आकड्यावर आहे. कोरड्या दिवसांत प्रवाह २० दिवसांत १२० वरून ४५ लिटर प्रति सेकंदावर आला असेल, तर ४५ भागिले १२० चं विसावं मूळ: ०.९५२. म्हणजे प्रवाह साधारण चौदा दिवसांत निम्मा होतो. सुरुवातीच्या प्रवाहाला क्षयांकाच्या नैसर्गिक लॉगरिदमने, उणे चिन्ह सोडून, भागलं की ओढ्याच्या वाट्याचा साठा मिळतो. १२० लिटर म्हणजे दिवसाला १०,३६८ घनमीटर, भागिले ०.०४९, म्हणजे साधारण २ लाख ११ हजार घनमीटर. ६ चौरस किलोमीटरवर पसरला तर ३५ मिलिमीटर पाणी. अवकाळी पाऊस झाला तर त्यानंतरचे चार-पाच दिवस गाळून पुढचा उतार घ्यायचा. लॉगच्या कागदावर रेषा एकाएकी मोडली, तर बहुधा वरचा एखादा झरा आटलेला असतो. दख्खनचे थर एकावर एक आहेत: मुरूम, छिद्राछिद्रांचा मांजऱ्या खडक, मधे गेरूचा लाल पट्टा, खाली घट्ट पाषाण. वरचा थर रिकामा झाला की खालचा वेगळ्या गतीने रिकामा होतो. अशा वेळी दोन क्षयांक द्या, सरासरी काढू नका.

हा साठा पटण्यासारखा आहे का, हे विहिरींवरून ताडता येतं. मुरमाड आणि मांजऱ्या बेसाल्टसाठी भूजल अंदाज समितीच्या निकषांत विशिष्ट उत्पन्न (खडकाच्या आकारमानाच्या मानाने त्यातून निचरून येणारं पाणी) २ टक्के धरतात. पातळी २.५ मीटर उतरली असेल तर ५० मिलिमीटर पाणी गेलं. ओढ्यात आलं ३५. उरलेलं १५ झाडांच्या मुळांनी आणि उपशाने घेतलं असं धरणं वाजवी आहे. उलट ओढ्याचा आकडा विहिरींच्या आकड्यापेक्षा मोठा आला असता, तर पाणलोटाची सीमा किंवा मोजणी पुन्हा तपासावी लागली असती. त्याच निकषांत नैसर्गिक निचऱ्यासाठी पुनर्भरणाचे सरसकट ५ किंवा १० टक्के वजा करतात. तालुक्याच्या ताळेबंदाला ते ठीक आहे. एका ओढ्यावर बंधारा ठरवायला तो आकडा उचलू नये.

वाहकतेने वाटा काढायची पद्धत स्वस्त आहे, पण तिची तयारी पावसाळ्यातच करावी लागते, आणि ती हुकली तर वर्ष जातं. तीन किमती लागतात: ओढ्याची, भूजलाची आणि जमिनीवरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याची. तिसरी जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसातच मिळते. जूनच्या पहिल्या पावसाची घेऊ नका, त्यात उन्हाळ्याची सगळी धूळ आणि शेण उतरलेलं असतं. भूजलाची किमत उपसा चालू असलेल्या विहिरीतून, पंप दहा मिनिटं चालवून. ओढा १८०, पाऊसपाणी ६०, भूजल ४२०, तर वाटा १२० भागिले ३६०, एक तृतीयांश. मीटर २५ अंश तापमानाची दुरुस्ती स्वतः करतो का, हे माहितीपत्रकात बघा. करत नसेल तर दर अंशाला साधारण २ टक्के धरावे लागतात. बरा मीटर प्रिन्सेस स्ट्रीटवर आठ-नऊ हजारांत मिळाला. फेब्रुवारीनंतर ही पद्धत थांबवली. डोहांत पाणी आटून वाहकता चढते, धुण्याच्या घाटाखाली साबण मिसळतो, आणि वाटा शंभर टक्क्यांवर जायला लागतो.

बंधाऱ्याची जागा ठरवायला खरा उपयोग झाला तो दोन टोकांवर एकाच सकाळी मोजण्याचा. खालचा प्रवाह, उणे वरचा, उणे मधले ओहोळ, अधिक पंपांनी उचललेलं. वर ६४ आणि खाली ७१ लिटर आलं तर फरक ७. पण प्रत्येक मोजणीत ५ टक्के चूक धरली तर फरकातली चूक जवळपास ५ लिटरची. एवढ्यावर काही ठरवता येत नाही. तुकडा लांब घ्या, मोजणी तीनदा करा. पंपांसाठी गावातल्या वायरमनला विचारा, शेतीच्या फीडरला वीज कोणत्या पाळीत आहे. वीज नसेल तेव्हाच मोजा. तरी एखादा डिझेल पंप चालू सापडतोच. त्याच्या तोंडाखाली वीस लिटरची बादली धरा. चार सेकंदांत भरली तर सेकंदाला ५ लिटर. वर काढलेल्या ७ लिटरच्या फरकाशी ताडून बघा.

पाणी नेमकं कुठून शिरतं ते डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाच्या सुमारास हातालाच कळतं. ओढा गार, आणि पाझर आहे तिथे कोमट. साध्या थर्मामीटरने काठाकाठाने चालत नोंद केली, तेव्हा बहुतेक कोमट जागा गेरूच्या पट्ट्याच्या वर, एकाच पातळीवर सापडल्या. पिंप अर्धं कापून तळात रोवायचा पाझरमापक मात्र इथे निरुपयोगी, धोंड्यांच्या तळात तो बसतच नाही. रेडॉन (युरेनियमपासून तयार होऊन भूजलात मिसळणारा वायू) आणि समस्थानिक (पाण्यातले हलके-जड अणू) यांवरून भूजल ओळखायचा विचार केला होता. बेसाल्टमध्ये युरेनियम कमी, त्यामुळे रेडॉनही थोडंच मिळतं, आणि त्याचं यंत्र लाखांच्या घरात. समस्थानिकांत पाऊस आणि भूजल दोन्ही त्याच चार महिन्यांच्या पावसातले, त्यामुळे फरक कमी पडतो. या खर्चापेक्षा आणखी एक व्ही-नॉच लावणं आम्हाला जास्त उपयोगी वाटतं.

शिमग्याच्या सुमारास खाचेतून पाणी पडायचं थांबलं. तो दिवस लिहून ठेवा. क्षयांकाने काढलेल्या भाकिताशी तो ताडता येतो. भाकितापेक्षा ओढा लवकर आटला असेल तर वरचा उपसा मोजण्यातून सुटला आहे. पत्रा आणि पिशव्या काढून घेतल्या, जागा होती तशी केली आणि ग्रामसेवकांकडून तसा दाखला घेतला.

अहवालात ऑक्टोबर ते फेब्रुवारी प्रत्येक महिन्याचा वाटा किमान आणि कमाल अशा दोन आकड्यांत दिला, शेजारी पद्धत लिहिली, आणि फिल्टरचा आकडा परिशिष्टात ठेवला. एप्रिलमध्ये कार्यालयाकडून शेरा आला: एकच आकडा द्यावा. उत्तरादाखल क्षयांकावरून काढलेला ३५ मिलिमीटरसारखा साठा मुख्य आकडा म्हणून दिला, विहिरींचा ताळा आणि रोजच्या वाचनांची पूर्ण यादी जोडली. तेवढ्यावर फाईल पुढे गेली. मीटर, पत्रा, वजनकाटा, वाचनाचं मानधन आणि कल्याणहून एसटीच्या खेपा धरून सगळा खर्च तीस हजारांच्या आत बसला. त्यात सर्वांत मोठा भाग मानधनाचा होता, आणि तो कापू नये.